साठ खळग्यांचं कपाट

मित्रांनो, जगातलं सगळं वैभव शेवटी कुठल्या ना कुठल्या कपाटात येऊन थांबतं. राजांचे मुकुट, सेनापतींच्या तलवारी, दिग्विजयाच्या खुणा, सगळ्यांचा अखेरचा मुक्काम कपाटातच. मीही तसंच एक विजयचिन्हांचं कपाट आहे. सध्या माझ्यात मनुका घातलेले बन आहेत. खालच्या दोन ओळींतले कालचे आहेत.

माझं अंग काळ्या अक्रोडाच्या लाकडाचं. पुढे काचेची दोन दारं. आत उतरत्या फळ्या, फळ्यांवर जांभळी मखमल आणि मखमलीत साठ गोल खळगे. माथ्यावर द्राक्षाची वेल कोरलेली आहे. ती डाव्या कोपऱ्यातून निघते, मजेत वळणं घेत उजवीकडे जाते आणि शेवटी एक पान कमी पडून थांबते. त्या पानाची हकिगत सांगायची आहे. बाकीचं तुम्ही नाही ऐकलंत तरी चालेल.

मी जन्मलो विल्मर्स लॉकला. कालव्याकाठचं गाव, कातडी कमावण्याचे तीन कारखाने आणि वारा कुठूनही आला तरी वास तोच. त्या काळी गावोगाव पगारी खेळाडूंचे बेसबॉल संघ निघत होते आणि ज्या गावाला संघ नाही त्या गावाला नकाशात जागा नाही, असं लोकांना वाटू लागलं होतं. संघाचं नाव मोज्यांच्या रंगावरून ठेवत. आमचं गाव जागं होईपर्यंत लाल, निळे, हिरवे, तपकिरी सगळे रंग उचलले गेले होते. आम्हाला राखाडी मिळाला. ‘राखाडी मोजे’ ही आमची कीर्ती.

रीत अशी होती, मित्रांनो, की एक सामना एकाच चेंडूने खेळायचा. संध्याकाळपर्यंत तो काळा पडे, चेपे, शिवणीत उसवे. मग हरलेल्या कप्तानाने टोपी काढायची, तो चेंडू जिंकलेल्या कप्तानाच्या हातात द्यायचा आणि हसायचं. हसणं सक्तीचं होतं. जिंकलेला संघ त्या चेंडूला सोनेरी रंग देई, त्यावर धावा लिही आणि कपाटात मांडी. इतर गावांनी आधी खेळाडू जमवले, मग चेंडू जिंकले, मग कपाट केलं. आमचे अध्यक्ष कर्नल ब्रूम दूरदृष्टीचे. त्यांनी आधी कपाट सांगितलं.

‘कर्नल’ ही त्यांना लढाईत मिळालेली पदवी नव्हती. सर्वांत मोठा कारखाना त्यांचा होता, एवढं कारण गावाला पुरलं.

माझे जन्मदाते ऑगस्ट क्लेमर. जर्मनीहून आलेले सुतार. टेबलं, खुर्च्या, पाळणे आणि शवपेट्या एकाच दुकानात करायचे, त्यामुळे गावातल्या माणसाचा त्यांच्याशी जन्मभराचा संबंध यायचा. अंत्ययात्रेची काळी काचेची गाडीही त्यांचीच. माझा सांगाडा त्यांनी केला. पण वेल कोरली ती त्यांच्या हाताखालच्या मिका स्ट्रोपने.

मिकाची बोटं, मित्रांनो, मी विसरू शकत नाही. लांब, सडसडीत, टोकाला किंचित चपटी. कोरताना तो डोळे बारीक करून दुसरीकडेच बघायचा आणि बोटं आपापलं काम करायची. धार जरा खोल गेली की ती स्वतःच थांबत. क्लेमर मास्तर दुकानात कुणाचंही कौतुक करत नसत. पण मिका जेवायला गेला की माझ्या वेलीवरून अंगठा फिरवून बघत आणि तो परत आला की त्याला कचरा न काढल्याबद्दल ओरडत.

मास्तर चिडले की हाताला लागेल ते फेकत. लाकडी हातोडा, ठोकळा, गोंदाचं भांडं. मिका मान वर न करता ते झेलायचा आणि जागेवर ठेवायचा. एक दिवस कर्नल माझी प्रगती बघायला आले असताना त्यांच्या कानाशेजारून एक रंधा गेला आणि मिकाने तो अलगद पकडला.

“सापडला!” कर्नल म्हणाले.

“रंधा?” मास्तरांनी विचारलं.

“झेल घेणारा! आणि कप्तानही!”

फेकणाऱ्याने टाकलेला प्रत्येक चेंडू बॅटवाल्याच्या मागे उभं राहून घ्यायचा, हे झेल घेणाऱ्याचं काम. मिकाला मोह पडला. तो पंचविशीचा होता, आणि शवपेटीवरचं नक्षीकाम कुणी फार वेळ बघत नाही.

“एकच हंगाम, मास्तर. पानगळीला परत येतो कामाच्या बाकावर.”

“आणि ही वेल?”

“झाली की. शेवटचं एक पान ठेवलंय. पहिला चेंडू आत आला की त्या दिवशी कोरीन. शकुनाचं.”

“अर्धं काम टाकून जातोस, गाढवा?”

“अर्धं कुठे? एक पान.”

“शवपेटीचं एक झाकण राहिलं, तर गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“ते गिऱ्हाईक काहीच म्हणणार नाही, मास्तर,” मिका म्हणाला आणि उडत आलेला ब्रश झेलून निघून गेला.

खरं म्हणजे मी गावच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात सुखाने उभं राहायचं. पण कर्नलना वाटलं, समोरच्या संघाला धाक बसायला हवा. म्हणून गावातल्या प्रत्येक सामन्याला मला मैदानावर न्यायचं ठरलं. माझ्या काचा न फुटता मला नेईल अशी मऊ कमानींची गाडी गावात एकच होती. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला मी काळी घोडी जुंपलेल्या शवगाडीतून मैदानात यायचो. शेजारी मास्तर, काळ्या कोटात, कारण त्यांच्याकडे दुसरा कोट नव्हता. घोडी एकाच चालीची सवय असलेली. रस्त्यावरचे लोक टोप्या काढत आणि मग वैतागून पुन्हा घालत.

पाहुणे खेळाडू कुंपणाशी जमायचे.

“काय हो म्हातारबुवा, कोण गेलं?”

“अजून कुणी नाही,” मास्तर म्हणायचे. “सामन्याचे नऊ डाव होऊ द्या.”

आणि व्हायचंही तसंच. पहिला सामना हरलो. दुसरा हरलो. तिसऱ्यात पाऊस आला म्हणून वाचत होतो, तर पाऊस थांबला. आमचा फेकणारा एबन पार्डी हा चांगला माणूस, पण त्याचा दंड आणि तो एकाच वेळी म्हातारे होत होते.

“ए पार्डी!” सज्जातून लोक ओरडत. “तुझी आजी याहून जोरात फेकते!”

“विचारलं होतं तिला,” पार्डी कपाळ पुसत सांगे. “ती म्हणाली, तुमच्या संघात नको.”

लोक हसायचे. हरणाऱ्या संघाला लोक प्रथम शिव्या देतात, मग हसतात, आणि मग येईनासे होतात. आमचा हंगाम मधल्या पायरीवर होता.

मी मात्र मिकाचे हात बघत होतो. त्या काळी हातमोजे घालून खेळणं बायकी समजत. उघड्या तळव्यांनी, दर दुपारी, तो पार्डीचे चेंडू आणि बॅटला चाटून आलेले चेंडू अडवत होता. आधी करंगळी गेली. मग मधलं बोट सांध्यातून निखळलं. त्याने ते स्वतःच ओढून बसवलं, चिंधी बांधली आणि म्हणाला, “चला.” संघाचं नाव पायांवरून होतं, मित्रांनो, मोडत मात्र हात होते.

सगळं गाव कातडं कमावत होतं आणि एका माणसाच्या तळव्यापुरता तुकडा कुणाला सुचत नव्हता. सुचला तो मास्तरांना. त्यांनी दुकानात बसून मऊ कातड्याचा हातमोजा शिवला, आत शवपेटीच्या गादीचा कापूस भरला आणि सामन्याआधी मिकापुढे धरला.

“घाल.”

“मास्तर, लोक काय म्हणतील?”

“लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंस ना? त्याहून वाईट काय म्हणणार?”

मिका हसला. हातमोज्यात हात घालून त्याने बोटं हलवून पाहिली. तेवढ्यात कर्नल आले. “स्ट्रोप, या गावात कातडं विकायला असतं, मागे लपायला नाही,” ते म्हणाले. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मिकाने हातमोजा काढला आणि माझ्या छपरावर ठेवला. त्या दिवशी अंगठा गेला.

एक सामना आम्ही जिंकलो होतो, हे मी लपवून ठेवणार नाही. पाइन हार्बर नावाच्या गावी, परक्या मैदानावर. आगगाडीतून चेंडू आला. बँड होता. मास्तरांनी शवपेटीच्या कड्यांसाठी ठेवलेला अस्सल सोनेरी मुलामा काढला आणि चेंडू माझ्या पहिल्या खळग्यात बसला. मित्रांनो, जड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एका चेंडूचं ते वजन काय! पण मी आतून भरल्यासारखा झालो.

संध्याकाळी मिका बारीक पटाशी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. ती त्याच्या मुठीत ठरेना. त्याने डाव्या हातात घेऊन पाहिली.

“सूज आहे रे,” मास्तर म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला नव्हता. “उतरू दे. पान कुठे पळतंय?”

“रविवारी कोरतो.”

रविवारपूर्वी बातमी आली. पाइन हार्बरचा संघ मोडला होता, खेळाडू पांगले होते. त्या काळी संघमंडळाचा नियम असा की, हंगाम पुरा न करणाऱ्या संघाचे सगळे सामने पुसून टाकायचे. म्हणजे जो संघ नाही, त्याला आम्ही हरवलं नव्हतं. कर्नल तत्त्वाचे पक्के. त्यांनी स्वतः माझं दार उघडून चेंडू काढला आणि पाइन हार्बरला टपालाने परत पाठवला. तिथे तो घ्यायला कुणीच नव्हतं, म्हणून तो पुन्हा आला. पुढे तो कर्नलच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून राहिला. वजन म्हणून तो चांगला होता, हे मी आधीच सांगितलं आहे.

उन्हाळा सरला. मैदानावर माणसं कमी आणि शेजारच्या गाई जास्त दिसू लागल्या. मग कर्नलनी जाहीर केलं: शेवटच्या सामन्यात निदान एक चेंडू कपाटात आला तर संघ पुढच्या वर्षी राहील, नाहीतर राखाडी मोजे इतिहासजमा. इतर खेळाडू खांदे उडवून मोकळे झाले. त्यांना कातड्याच्या कारखान्यांत कामं होती. मिकाला मात्र बाकावर परतायचं होतं ते हात गमावून. गाडीत मला चढवताना तो मास्तरांना म्हणाला, “मास्तर, एक चेंडू. एक जरी आला ना, तर मी म्हणेन की बोटं कशासाठी तरी गेली.”

“बोटं गेलेली नाहीत,” मास्तर म्हणाले. “धर ती बाजू.”

मिकाने ती बाजू मनगटांनी उचलली.

समोर ग्रेंजर हिलचे हिरवे मोजे. त्यांच्या माणसांनी शवगाडी पाहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. मला त्यांनी घराच्या अगदी जवळ, दोरीबाहेर उभं केलं. घर म्हणजे, मित्रांनो, बॅटवाल्याच्या पायाशी मातीत बसवलेली पांढरी फरशी. तिथून निघून तीन टप्पे शिवायचे आणि परत घरी यायचं, म्हणजे एक धाव. सगळा खेळ घरी परत येण्याचा आहे.

त्या दिवशी पार्डीच्या दंडात कुठून कोण जाणे तारुण्य आलं. आमची फलंदाजी संपली तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा अखेरचा डाव सुरू झाला. दोघे बाद झाले. एक गडी तिसऱ्या टप्प्यावर, एक दुसऱ्यावर. आणखी एक बाद केला की चेंडू आमचा. लोक उभे राहिले. गाईही आल्या असाव्यात.

फटका बसला. आमच्या माणसाने लांबून चेंडू घराकडे फेकला. तिसऱ्यावरचा गडी धावत सुटला. मिकाने चेंडू घेतला, वळला, आणि दोघे धुळीच्या एका ढगात शिरले. धावणारा फरशीवर पोचायच्या आत चेंडू त्याच्या अंगाला लावला तर तो बाद. धूळ खाली बसली तेव्हा गडी फरशीवर पालथा होता आणि चेंडू मिकाच्या मुठीत.

पंच एकच असे, आणि त्याच्या डोळ्यांत माती गेली होती. त्या काळी पंचाला दिसलं नाही तर तो खेळाडूंना विचारू शके, आसपासच्या भल्या माणसांना विचारू शके. तशी पद्धत होती. माणसं खरं बोलतील असं त्या पद्धतीने धरून चाललेलं होतं.

“स्ट्रोप,” पंच म्हणाला, “तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. लागला का चेंडू त्याला?”

पार्डी तिकडून ओरडला, “लागला म्हण की, मिका!”

मिकाने आपल्या मुठीकडे पाहिलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“माहीत नाही म्हणजे?”

“चेंडू हातात आहे हेसुद्धा मला बघून कळतंय, साहेब. बोटांना काही कळत नाही आता.”

धार जरा खोल गेली की थांबणारी ती बोटं!

पंचाने धावणाऱ्याला विचारलं. तो कपडे झटकत म्हणाला, “मला फक्त वारा लागला, देवाशप्पथ.” मग पंच दोरीशी आला. “मिस्टर क्लेमर, तुम्ही सगळ्यांत जवळ होता. तुमच्या शब्दावर मी निकाल देईन. काय पाहिलंत?”

मास्तरांचा ओठ हलला. एक शब्द पुरला असता. पण ज्याने आयुष्यभर माणसांना शेवटचं मोजलं, त्याला माप खोटं सांगता येत नव्हतं.

“मी त्याचा हात बघत होतो,” ते म्हणाले. “बोट मागे दुमडलं. तेवढंच पाहिलं. चेंडूकडे माझं लक्ष नव्हतं.”

मित्रांनो, मी पाहिलं होतं. धूळ माझ्याकडे उडाली नव्हती. गड्याच्या बरगडीला चेंडू लागला, त्याचा सदरा आत दबला, हे सगळं माझ्या दोन्ही दारांत स्वच्छ उमटलं होतं. पण कपाटाला साक्षीला बोलावण्याची पद्धत कुठल्याच खेळात नाही.

पंचाने निकाल दिला: धाव मान्य. बरोबरी झाली. दुसऱ्यावरचा गडी तेवढ्यात तिसऱ्यावर पोचला होता. पार्डीने पुढचा चेंडू टाकला, सरळ, साधा, सकाळपासून टाकला त्यातला सर्वांत सोपा. तो मिकाच्या दोन्ही हातांमधून निघून गेला. तो सुटलेला पाहून तिसऱ्यावरचा गडी चालत घरी आला, आणि आम्ही हरलो. दोरीखालून घरंगळत चेंडू माझ्या पुढच्या पायाला येऊन टेकला आणि थांबला.

मिका तो घ्यायला आला. वाकला. एका हाताने उचलता येईना, म्हणून दोन्ही मनगटांत धरला. क्षणभर त्याचं कपाळ माझ्या काचेला टेकलं. मग तो हिरव्या मोज्यांच्या कप्तानाकडे गेला. टोपी काढायला हात मोकळा नव्हता, ती पार्डीने काढली. मिकाने चेंडू दिला आणि रीतीप्रमाणे हसला. इतकं नीट हसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

परत येताना पहिल्यांदाच शवगाडी बघून टोप्या काढलेल्या लोकांनी त्या परत घातल्या नाहीत.

संघ मोडला. राखाडी मोजे अनाथाश्रमाला गेले, तिथे ते निदान ऊबदार ठरले. कर्नलनी पुढच्या वर्षी घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. हॉटेलने मला ठेवून घ्यायला नकार दिला आणि मी मास्तरांच्या दुकानात मागच्या भिंतीशी परत आलो. मिकाही परत आला. बाकाशी बसायचा, पटाशी उचलायचा, ती पडायची. मास्तरांनी वस्तू फेकणं सोडून दिलं. दुकान फार शांत झालं.

शेवटी मास्तर त्याला म्हणाले, “घोडीला तुझी सवय आहे. गाडी तू हाक.” लगाम मनगटांना गुंडाळता येत होते. शवगाडी हाकणाऱ्याला काळे हातमोजे घालावेच लागतात. असे मिकाला अखेर हातमोजे मिळाले आणि त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

गिऱ्हाइकं मला बघून म्हणत, “क्लेमर, हे एवढं एक पान तुम्हीच का उरकत नाही? पाच मिनिटांचं काम.”

“ते मिकाचं आहे,” मास्तर म्हणत आणि विषय बदलत. बहुधा शवपेटीकडे वळवत, मग गिऱ्हाईक लवकर जाई.

मास्तरांना त्यांच्या अखेरच्या वाटेवर मिकानेच नेलं. घोडी नवी होती, पण चाल त्याने तिला जुनीच शिकवली होती. दुकान मोडलं तेव्हा मला कालव्याच्या पुलाजवळच्या बेकरीवाल्या ड्रुसिलाबाईंनी नेलं. बाई कामसू आहेत. मखमल उसवली तेव्हा त्यांनी तिथे मेणकापड लावलं. खळगे तसेच ठेवले.

मिका आता म्हातारा झाला आहे. रोज सकाळी येतो. दारात हातमोजे काढतो आणि बाई पाठमोऱ्या असल्या की माझ्या माथ्यावर, जिथे वेल थांबते त्या गुळगुळीत जागेवर, ती वाकडी बोटं ठेवतो. बोटांना काही कळत नसणार. मला कळतं.

परवा बाईंनी त्याला विचारलं, “मिस्टर स्ट्रोप, तुम्ही जुने सुतार ना? मग सांगा, या कपाटात हे खळगे कशासाठी हो केलेत?”

मिकाने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या खळग्यातला बन दोन्ही हातांनी, जपून, उचलला.

“बनसाठीच, बाई,” तो म्हणाला. “बघा ना, किती बरोबर बसतात.”

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील, जुनी माणसं असतील. त्यांच्या आत काय ठेवायचं राहून गेलं, ते त्या सांगत नाहीत. त्यांना जपा, त्यांचा मान ठेवा, असं मी म्हणणार होतो. पण मोठं मागण्याची सवय मला कर्नलमुळे लागली आणि तिचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. तेव्हा एवढंच करा. बन घेतल्यावर माझं डावं दार जरा उचलून लावत जा. ते नुसतं लोटलं तर लागत नाही, आणि माशा येतात.